एकोणचाळीसच्या दोन चुका
वर्गातलं गणित : भाग ७

मागच्या आठवड्यात शैक्षणिक साहित्याबद्दल लिहिलं होतं. या वेळी ते साहित्य जिथे मांडलं जातं तिथे, म्हणजे शिक्षण परिषदेत जाऊ. १९९४ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख आले. त्या रचनेमुळे जवळपासच्या शाळांचे गुरुजी आणि मॅडम ठरावीक दिवशी एकत्र बसतात. हजेरी होते, माहितीचे तक्ते भरले जातात, मग कोणी रंगीत कागदांचा अपूर्णांक-तक्ता दाखवतं आणि बाकीचे मोबाइलवर फोटो काढतात. तक्ता छानच असतो. पण तो कुठल्या अडचणीवरचा उपाय आहे, हे त्या फोटोत येत नाही.

माझं म्हणणं असं की परिषदेला जाताना तक्ता राहिला तरी चालेल, मुलाची चुकलेली वही मात्र बरोबर न्यावी.

समजा, भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यातल्या आसगावात दुसरीच्या वर्गाला ‘एकोणचाळीस’ लिहायला सांगितलं. एकाने ४१ लिहिलं, दुसरीने ४९. दोघांनाही सारखीच फुली मिळते. खरं तर या दोन अगदी वेगळ्या चुका आहेत. पहिल्याने ‘एक’ ऐकलं, ‘चाळीस’ ऐकलं आणि दोन्ही जोडले. त्याचा तर्क बिनचूक आहे, कारण एकेचाळीस असंच तर होतं! दुसरीला शेवटी नऊ येतात हे ठाऊक आहे, पण नावात चाळीस आहे म्हटल्यावर तिने दशकाच्या जागी चार मांडले. बिचारीने भाषेवर विश्वास ठेवला.

एकोण म्हणजे एक ऊन, एकाने कमी. आसगावच्या पोराला ऊन ठाऊक आहे ते मे महिन्यातलं. त्यात हा भाग झाडीबोलीचा. या बोलीत ण नाही, ळ नाही. डोळ्याचा डोरा होतो. एकोणचाळीस या एकाच शब्दात ही दोन्ही अक्षरं येऊन बसली आहेत. पुण्याच्या शिक्षकाला ही अडचण सुचणारही नाही. शेजारच्या गावातल्या शिक्षकाला ती ऐकताक्षणी कळेल, आणि म्हणूनच ती त्याच्यासमोर मांडायची.

उपायही मग वेगवेगळे निघतात. ४१ लिहिणाऱ्यासाठी एकोणचाळीस आणि एकेचाळीस शेजारी-शेजारी म्हणून घ्यायचे, कानाला फरक कळेपर्यंत. ४९ वालीच्या हातात शंभर मण्यांची माळ द्यायची, दहा-दहा मणी आलटून पालटून दोन रंगांचे. चाळिसाव्या मण्यावर बोट ठेवून एक मणी मागे सरकायला सांगायचं. हीच चाल एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत चालते. नव्व्याण्णवला मात्र मोडते. एकोणशंभर आपण म्हणत नाही. हेही एखादं मूलच आधी विचारतं.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘नव्वद सात’ असं संख्यावाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रभर थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांनी मुलं अडखळतात हे कारण दिलं होतं, आणि जुनी नावंही पुस्तकात होतीच. वाद मराठीच्या अस्मितेवर गेला. ४१ आणि ४९ लिहिणारी मुलं चर्चेत आलीच नाहीत.

जपानी शिक्षकांची ‘जुग्यो केन्क्यू’ नावाची जुनी रीत आहे. काही शिक्षक मिळून एकच पाठ आखतात. मुलं कोणकोणती उत्तरं देतील, चुकीची धरून, हे आधीच लिहून काढतात. मग एकजण शिकवतो आणि बाकीचे मागे उभे राहून मुलांच्या वह्या पाहतात. नंतरची चर्चा पाठावर होते, शिकवणाऱ्यावर नाही. आपल्याकडे नेमकं इथेच अडतं. चुकलेली वही दाखवायची म्हणजे ‘तुमच्या वर्गाला एवढंही येत नाही?’ हे ऐकायची तयारी हवी. केंद्रप्रमुखांनी पहिली वही स्वतः शिकवलेल्या तासाची ठेवली, तर दुसरी वही निघायला वेळ लागणार नाही.

पुढच्या भागासाठी एक चूक आत्ताच देऊन ठेवतो. ५२ वजा २७, उत्तर ३५. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मुलीने सातातून दोन काढले. तिला काय विचाराल, ते वहीत लिहून ठेवा.