विषाणूच्या चोरवाटेचा माग

लातूरची देवणी आणि नांदेडची लाल कंधारी ही मराठवाड्याची जातिवंत जनावरे. २०२२ मध्ये लम्पी राज्यभर पसरला, तेव्हा या गोठ्यांनाही त्याची धास्ती होती. जनावरांना लस टोचली ती शेळ्यांच्या देवीची, कारण लम्पीचा विषाणू त्याच ‘पॉक्स’ कुळातला. माणसांना होणाऱ्या देवीचा विषाणूही याच कुळातला. या कुळातले काही विषाणू शरीराच्या पहाऱ्यातून कसे निसटतात, याचा माग पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील डॉ. अरविंद साहू यांनी अनेक वर्षे घेतला.

आपल्या रक्तात तीसहून अधिक प्रथिनांची एक फौज असते. तिला ‘कॉम्प्लिमेंट’ म्हणतात. जंतू दिसताच तिच्यातले ‘सी-३’ हे प्रथिन तुटते. मोठा तुकडा जंतूला चिकटून त्याच्यावर खूण करतो, तर लहान तुकडा दाहाचा इशारा देतो. मग तिथे पांढऱ्या पेशी धावून येतात, सूज येते आणि जंतूचा नायनाट सुरू होतो.

विषाणू नेमकी ही यंत्रणाच दाबतो. देवीची लस ज्यापासून बनत असे, त्या व्हॅक्सिनिया विषाणूत असे एक प्रथिन असल्याचे गिरीश कोतवाल आणि बर्नार्ड मॉस यांनी १९८८ मध्ये अमेरिकेत दाखवले. ते मानवी प्रथिनांसारखेच दिसते आणि शरीरातल्याच एका एन्झाइमला हाताशी धरून ‘सी-३’च्या मोठ्या तुकड्याला निकामी करते. देवीच्या विषाणूतले तसेच प्रथिन माणसात त्याहून सुमारे १०० पट प्रभावी असल्याचे २००२ मध्ये दिसले. गंमत म्हणजे दोन्ही प्रथिनांत फरक आहे अवघ्या ११ अमिनो आम्लांचा.

त्या ११ पैकी कळीची कोणती? साहू यांच्या गटाने २००८ मध्ये उत्तर दिले: चार. तेवढी बदलली की व्हॅक्सिनियाचे प्रथिनही देवीच्या प्रथिनाइतके जोरकस होते. यासाठी देवीचा जिवंत विषाणू लागला नाही, प्रयोगशाळेत बनवलेली प्रथिने पुरली. पुढे या गटाने व्हॅक्सिनियाचे हे प्रथिन प्रतिपिंडांनी अडवले, तेव्हा सशांच्या त्वचेवरचे व्रण लहान झाले.

याचा रुग्णाला उपयोग काय? कॉम्प्लिमेंट बेफाम झाले तर ते आपल्याच पेशींवर उलटते. पीएनएच या दुर्मीळ आजारात तांबड्या पेशी अशाच फुटतात. साहू अमेरिकेत जॉन लॅम्ब्रिस यांच्यासोबत काम करत असताना, १९९६ मध्ये त्यांनी ‘सी-३’ला रोखणारा एक छोटा रेणू शोधला: कॉम्पस्टॅटिन. तो विषाणूच्या या प्रथिनांतून आलेला नाही, पण रोखायचे लक्ष्य तेच. त्याच्यावर आधारित पेगसेटाकोप्लान या औषधाला अमेरिकेत २०२१ मध्ये पीएनएचसाठी मान्यता मिळाली. मध्ये पंचवीस वर्षे गेली.

लातूर-नांदेडच्या शिकवण्यांत हजारो मुले दरवर्षी ‘नीट’ची तयारी करतात. जागा मोजक्यांनाच मिळते. ज्यांना जीवशास्त्राची खरी ओढ आहे, त्यांना बीएस्सी, एमएस्सी करून ‘नेट’सारख्या परीक्षेतून अशा संस्थांत पीएच.डी. करता येते. वाट लांबची आहे, पण औषधांची सुरुवात अनेकदा तिथूनच होते.