'बोगो शिप्ता' : कोरियन गीतांतील विरह आणि क्रियापदाचा शेवट

कोरियन पॉप गाणी तुमच्यापैकी बरेच जण इंग्रजी सबटायटल्स वाचत ऐकतात. ताटातुटीच्या गाण्यात खाली 'आय मिस यू' उमटते, तेव्हा गायकाच्या तोंडी अनेकदा 'बोगो शिप्ता' असते. किम बम-सूच्या २००२ मधील प्रसिद्ध गाण्याचे तर नावच हे आहे. 'बोदा' म्हणजे पाहणे आणि 'शिप्ता' म्हणजे इच्छा असणे. शब्दशः अर्थ 'पाहावेसे वाटते'. इंग्रजीतले 'मी' आणि 'तू' मूळ वाक्यात नाहीतच.

मग कोणाला वाटते, हे कसे कळते? 'शिप्ता' हे रूप सामान्यतः बोलणाऱ्याच्या स्वतःच्या इच्छेसाठी वापरतात. दुसऱ्याची इच्छा सांगायची तर रूप बदलते. त्यामुळे 'मी' न म्हणताही कळते. शिवाय कोरियन क्रियापदाला लिंग नाही. मराठीत 'मी विसरलो' किंवा 'मी विसरले' म्हणताच बोलणारा पुरुष की स्त्री ते उघड होते. कोरियनमध्ये ते झाकलेले राहते. गाणारा कोणीही असो, ऐकणाऱ्याला ते वाक्य जसेच्या तसे स्वतःचे म्हणून घेता येते.

आता मुख्य मुद्दा. हेच वाक्य तीन प्रकारे संपू शकते. 'बोगो शिपॉ' हे जवळच्या माणसाला, आपल्या 'तू'सारखे. 'बोगो शिपॉयो' हे आदराने, थोडे अंतर राखून. आणि 'बोगो शिप्ता' हे साधे रूप, जे रोजनिशीत लिहितात किंवा मनाशी बोलताना वापरतात. पहिल्या दोन रूपांत समोर कोणीतरी आहे असे धरलेले असते. तिसऱ्यात तसे धरावे लागत नाही. ज्याला सांगायचे तोच निघून गेला आहे, आणि वाक्यात त्याच्यासाठी जागाही उरलेली नाही. सबटायटलमधला 'यू' नेमकी हीच रिकामी जागा भरून टाकतो. भाषांतरकाराचा नाइलाज असतो, पण नुकसान व्हायचे ते होतेच.

अर्थात प्रत्येक शेवटामागे गूढ शोधू नका. कधी चालीत एक अक्षर कमी पडते म्हणूनही 'यो' येतो! मात्र गाणे 'तू'च्या रूपात चालले असताना निरोपाच्या ओळीत एकदम आदरार्थी रूप आले, तर कान टवकारा. रोज 'अरे' म्हणणाऱ्याने अचानक 'अहो' म्हटले की आपल्याला जे जाणवते, तेच तिथे घडत असते.

ही युक्ती पॉप संगीताने शोधलेली नाही. किम सोवॉल (१९०२–१९३४) यांची 'चिंदाल्लेक्कोत' ही कविता १९२२ मध्ये प्रथम छापली गेली. सोडून जाणाऱ्या प्रिय व्यक्तीच्या वाटेवर फुले अंथरण्याची तयारी तीत आहे, आणि सगळे बोलणे अत्यंत आदबशीर, आज जुन्या वाटणाऱ्या क्रियारूपांत. तक्रारीचा एक शब्द नाही. ती आदबच बोचते. २००३ मध्ये माया या गायिकेने ही कविता रॉक शैलीत गाजवली. सुरावट आक्रोशाची, कवितेच्या ओळींतली क्रियापदे मात्र तशीच नम्र.

कोरियन विरहगीतांचे स्पष्टीकरण 'हान' या एका शब्दात उरकण्याची पद्धत आहे. हान म्हणजे मनात साचलेले, न फिटलेले दुःख. संकल्पना खरी आहे, पण ती प्रत्येक ब्रेकअपच्या गाण्याला चिकटवणे मला आळसाचे वाटते.

सरावासाठी आवडीचे एक गाणे निवडा. कोरियन शब्द नागरीत उतरवून घ्या आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या अक्षराखाली रेघ ओढा. 'यो' कुठे सुरू होतो आणि कुठे गळतो, ते समासात लिहा. अर्थ त्यानंतर पाहा.