नखाएवढं लेबल

जुनी लाल फुलदाणी हौसेने घरी आणली आणि पहिल्याच दिवशी काथ्याने घासून लख्ख केली. बुडाजवळचं मळकट लेबलही त्यात गेलं. फुलदाणी फिनलंडची, एवढंच सांगता येतं. कारखाना कुठला, ते त्या लेबलासोबत मोरीत वाहून गेलं. ती रुखरुख घेऊनच मी हेलसिंकीतल्या हिएतालाहती चौकातल्या जुन्या बाजारात गेले.

तिथे काचसामान मांडून बसलेल्या एक वयस्क बाई फुलदाण्या पुसत होत्या. ओलं फडकं आतून फिरायचं, बाहेरून फिरायचं. डावा अंगठा मात्र लेबलावरून हलत नव्हता. अंगठ्याखालची तेवढी जागा कोरडी. मी त्या अंगठ्याकडेच बघत राहिले.

साच्यात फुंकलेल्या रोजच्या वापरातल्या काचेवर कोरलेली सही बहुधा नसते. कारखान्याचं नाव सांगायला असतं ते हे लेबलच. लिंक्सचं, म्हणजे तिकडच्या रानमांजराचं चित्र असलं की रीहिमाकी. लाल गोलात पांढरा ‘आय’ असला की ईत्ताला. ती खूण टिमो सार्पानेवाने १९५६ साली काढली, तेव्हा त्याआधीच्या मालावर ती असणार नाही. ‘नोत्शो’ वाचून नवखे स्वीडनचा नकाशा धुंडाळतात. ते १७९३ सालच्या नुउतायार्वी या फिनिश कारखान्याचंच स्वीडिश नाव!

लिंक्स दाखवून बाई म्हणाल्या, “१९७६.” त्या साली रीहिमाकीत काच फुंकणं थांबलं. कारखाना १९९० पर्यंत चालला, पण यंत्रावर. पुढची फुलदाणी उचलली, पुन्हा तेच: “१९७६च्या आधीची.” कुणाच्या घरातली तारीख सांगावी, तसा तो आकडा त्यांच्या तोंडी येत होता.

पण लेबल एका काचेवरून काढून दुसरीवर चिकटवता येतं. म्हणून बाई फुलदाणी उलटी करतात, तळ कसा घासलाय ते बघतात, रंगीत काचेवर बिनरंगी काचेचा थर आहे का ते उजेडात धरून पाहतात. लेबल आणि काच एकच सांगत असतील, तरच नाव लिहितात.

एका हिरव्या फुलदाणीवर लेबल नव्हतं, नुसता डिंकाचा गोल डाग उरला होता. मी ती बराच वेळ हातात धरून होते. बाईंनी चिठ्ठीवर ‘रीहिमाकी’ लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि किंमत उतरवली. नाव ठोकून दिलं असतं तर मला कळलंही नसतं. त्या बाजारात माझा सगळ्यात जास्त विश्वास बसला तो त्या प्रश्नचिन्हावर.

तुमच्या कपाटात अशी जुनी काच असेल आणि तिच्यावर फाटकं का होईना, लेबल असेल, तर ती पाण्यात बुडवू नका. ओल्या फडक्याने पुसा, आणि लेबलावर अंगठा ठेवा.