मोटारीच्या टाकीचा श्वासोच्छ्वास

रॉकेलच्या वा गोड्या तेलाच्या डब्यास एकच भोक पाडून तो उपडा केला, तर तेल गचके खात बाहेर येते आणि मग थांबते, हे वाण्याच्या दुकानातील पोऱ्यासही ठाऊक असते. म्हणून तो दुसऱ्या कोपऱ्यास आणखी एक भोक पाडतो. त्या भोकातून तेल येत नाही. आत हवा जाते, आणि ती गेली म्हणजेच पहिल्या भोकातून तेल सुरळीत वाहू लागते. दुकानातील हे ज्ञान मोटारीच्या बाबतीत मात्र पुष्कळांस आठवत नाही, आणि त्यापायी शेतकऱ्याचे किती द्रव्य व किती वेळ वाया जातो हे आम्ही डिंभ्याच्या बाजूस प्रत्यक्ष पाहिले आहे.

घोडेगावाहून निघालेला रस्ता डिंभे येथे घोड नदीवरील धरणाजवळून जातो व पुढे पोखरीच्या घाटाने तळेघर व भीमाशंकराकडे चढतो. खाली बाजाराची गावे आणि वर भातखाचरे व हिरड्याची झाडे असलेला डोंगरी मुलूख, असा हा टापू आहे. पावसाळ्यात येथील पाऊस दिवसचे दिवस उघडत नाही. एका श्रावणात खताच्या गोण्या घेऊन वर निघालेल्या एका जुन्या पेट्रोल जीपमध्ये आम्ही बसलो होतो. मुंबईस १९४७ पासून विलिस जीपा जुळविण्याचे काम सुरू झाले व पुढे त्या येथेच तयार होऊ लागल्या; त्याच वंशातील ही गाडी होती. डिंभे सोडून घाट लागताच एंजिनाने दोन आचके दिले व ते बंद पडले. पाव घटका थांबल्यावर गाडी मुकाट्याने सुरू झाली, पण थोडे अंतर चढून पुनः थांबली. असे तीन वेळा झाले. मालक बिचारे खिन्न होऊन म्हणाले, “साहेब, यंदा दोनदा पंप बदलला, कार्बुरेटर खोलून धुतला, तरी हिची खोड जात नाही. आज तर टाकी काठोकाठ भरून घेतली आहे. पेट्रोलातच पाणी असले पाहिजे.”

आम्ही टाकीचे झाकण पाहावयास मागितले. पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून त्यांनी त्यावर प्लास्टिकचा कागद घालून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने तो घट्ट आवळून टाकला होता. पट्टी सोडून झाकण फिरविताच ‘सूं’ असा आवाज झाला व हवा आत ओढली गेली. एंजिन तत्काळ सुरू झाले. झाकण पट्टीवाचून बसविले, आणि तळेघरापर्यंत गाडी कोठेही थांबली नाही.

यातील मर्म असे. जुन्या गाडीत एंजिनावरील पंप टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. जेवढे पेट्रोल गेले तेवढी हवा आत आली पाहिजे, आणि तिच्यासाठी झाकणात बारीक छिद्र ठेवलेले असते. ते बुजले की टाकीत पोकळी निर्माण होते, ती पेट्रोलास मागे ओढते, आणि पंपातील नाजूक पडद्याची शक्ती तिजपुढे अपुरी पडते. गाडी उभी राहिली म्हणजे झाकणाच्या कडेने हळूहळू हवा झिरपते व पंपास पुनः बळ येते. टाकी भरलेली असता हा विकार लवकर उद्भवतो, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. वर दोन लिटरच हवा असेल आणि त्यातून अर्धा लिटर पेट्रोल गेले, तर ती हवा चांगलीच विरळ होते. अर्ध्या रिकाम्या टाकीत तेवढ्याने काही बिघडत नाही. म्हणूनच पेट्रोल भरून निघालेली गाडी वाटेत अडते आणि दोष पेट्रोल विकणाऱ्याच्या माथी येतो.

आता उन्हाळ्यातील एक विकार बाहेरून याच्यासारखाच दिसतो, पण त्याचे कारण निराळे आहे. पेट्रोलाचा हलका अंश ३५ ते ४० अंश सेल्सिअस उष्णतेसच उकळू लागतो. वैशाखात भरल्या गाडीने घाट चढताना वेग थोडा, एंजिन तापलेले, आणि पंप त्याच्याच अंगास चिकटलेला. अशा वेळी नळीतच पेट्रोलाची वाफ होते. पंप वाफ चेपीत राहतो आणि कार्बुरेटर कोरडा पडतो. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी कुर्ल्यास बनलेल्या फियाट व पद्मिनी गाड्यांच्या पंपावर ओले फडके गुंडाळून वर्षानुवर्षे यावर मात केली, आणि तो उपाय शास्त्रशुद्धच होता. पाणी सुकताना उष्णता घेऊन जाते, माठातले पाणी गार होते तसेच.

दोन्ही विकारांत थोडे थांबल्यावर गाडी चालू होते, म्हणून नुसत्या थांबण्यावरून काहीच उमगत नाही. गाडी अडताच, वाट न पाहता, टाकीचे झाकण सैल करून लगेच एंजिन फिरवून पाहावे. तत्काळ सुरू झाले तर दोष छिद्राचा. तरीही न झाल्यास आणि पंपास हात लावता येत नसल्यास दोष वाफेचा, आणि तेथे ओले फडके व पाऊण तास सावली हेच औषध होय. झाकण सैल करताना आवाज झाला तरी हवा आत जाते की बाहेर येते हे कापसाच्या तंतूने पाहावे. भर उन्हात उभ्या गाडीत ती बाहेर येते, आणि तिजबरोबर पेट्रोलही उसळू शकते. झाकण एकदम न काढता हळूहळू फिरवावे. तोंडात विडी असलेल्या मनुष्यास त्या वेळी जवळ उभे राहू देऊ नये. पेट्रोलाची वाफ हवेहून जड असल्याने जमिनीलगत दूरवर पसरते.

झाकण हरवले म्हणून चिंधीचा बोळा कोंबणे ही आमच्या खेड्यांतील सर्वांत वाईट चाल आहे. बोळा भिजला की हवा अडते आणि पाणी आत जाते. कोरडा असला तर तो दिव्याच्या वातीसारखाच होय. नव्या गाडीचे झाकण जुन्या टाकीस बसविणेही तितकेच फसवे. अमेरिकेत १९७० च्या सुमारास टाकीची वाफ उघड्यावर न सोडता कोळशाच्या डब्यात शोषून घेण्याची पद्धत कायद्याने आली व पुढे आपल्याकडेही आली. अशा गाडीची टाकी वेगळ्या नळीने श्वास घेते, म्हणून तिच्या झाकणास उघडे छिद्र नसते. जुन्या टाकीस दुसरी वाटच नाही.

पाणी उपसणाऱ्या डीझेल एंजिनांच्या मालकांनीही हे वाचून सोडून देऊ नये. तेथे तेल उंचावरील टाकीतून आपल्या भाराने उतरते, आणि हंगाम संपल्यावर गोठ्यात पडलेल्या एंजिनाच्या झाकणातील छिद्र कुंभारीण माशीस घर करावयास मोठे सोयीचे वाटते. मातीचा तो एवढासा ठिपका काढून टाकावयाचा सोडून लोक हवा काढण्याचा स्क्रू पिळीत बसतात. बारीक तारेने छिद्र मोकळे करावे व त्यावर पितळी जाळीचा तुकडा बसवावा.

छिद्र मोकळे ठेवले की पावसाळी दमट हवा आत जाणार, हे खरे. अर्धी रिकामी टाकी दिवसा हवा सोडते व रात्री घेते; त्या हवेतील पाणी पत्र्यावर जमून तळाशी उतरते. यास्तव पावसाळ्यात उभी राहणारी गाडी भरलेली असावी. उन्हाळ्यात मात्र काठोकाठ भरू नये. चाळीस लिटर पेट्रोल वीस अंशांनी तापले तर सुमारे पाऊण लिटरने वाढते, आणि ते छिद्रातूनच बाहेर पडते.

पाण्याचा हा प्रश्न हल्ली अधिक बिकट झाला आहे. उसाच्या मळीपासून व रसापासून काढलेला मद्यार्क पेट्रोलात मिसळण्यास महाराष्ट्रात २००३ मध्ये शेकडा पाच या प्रमाणाने आरंभ झाला. देशभराचे सरासरी प्रमाण २०२२ मध्ये शेकडा दहा झाले व २०२५ मध्ये वीसपर्यंत पोचले. आंबेगाव व जुन्नर या दोन्ही तालुक्यांत सहकारी साखर कारखाने आहेत, आणि मद्यार्काच्या मागणीत ऊसवाल्याचे हित आहे हे आम्ही जाणतो. परंतु तोच मद्यार्क पाणी ओढून घेतो, आणि पाणी फार झाले म्हणजे पेट्रोलापासून फुटून तळाशी बसतो. जुन्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा त्याने फुगतात व चिरतात. चिरलेली नळी थेंब गाळतेच, शिवाय ओढताना हवाही घेते, आणि मग पुनः तीच लक्षणे! अशा गाडीच्या सर्व नळ्या व पडदा मद्यार्कास टिकणाऱ्या रबराचे बसवून घ्यावेत आणि टाकीचा तळ पावसाळ्यानंतर एकदा रिता करून पाहावा.

आमच्या त्या जीपच्या मालकांनी परतताना झाकणावर उपडी करवंटी सैल बांधली होती. पाऊस अडत होता, हवा जात होती. डिंभ्यास उतरेपर्यंत त्यांनी तिजकडे चार वेळा वळून पाहिले.