लेसरला घाम फुटतो तेव्हा

बर्फाच्या पाण्याने भरलेला स्टीलचा पेला पावसाळ्यात टेबलावर ठेवा. थोड्याच वेळात तो बाहेरून ओला होतो. पेला काही गळका नसतो. ते पाणी हवेतले असते, हे तुम्ही शाळेत शिकलाच आहात. आता अशी कल्पना करा, की हा पेला म्हणजे लाखो रुपयांचे यंत्र आहे आणि त्याच्या पोटात विजेची नाजूक मंडळे आहेत!

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत मोटारींच्या भागांसाठी लोखंडी पत्रा कापायला लेसर यंत्रे असतात. हल्ली त्यांत फायबर लेसर पुष्कळ दिसतो. त्याने घेतलेल्या विजेपैकी निम्म्याहून अधिक उष्णता होऊन वाया जाते. ती वाहून नेण्यासाठी चिलर नावाचे यंत्र गार पाणी आत फिरवत राहते. पाणी २२ अंश सेल्सियसचे आहे असे धरू. ज्या धातूच्या पट्टीवर लेसरचे भाग बसवलेले असतात, तीही तितकीच गार होते. म्हणजे आपला पेलाच झाला की!

आता थोडे गणित करू. ३० अंशाच्या एक घनमीटर हवेत फार तर ३० ग्रॅम बाष्प मावते. २२ अंशाच्या हवेत मावते सुमारे १९ ग्रॅम. आषाढात झड लागली आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के झाली, तर ३० अंशाच्या हवेत २४ ग्रॅम बाष्प असते. ही हवा गार पट्टीला टेकली, की जास्तीचे बाष्प थेंब होऊन पट्टीवर बसते. आर्द्रता ५० टक्केच असती, तर हवेत १५ ग्रॅम बाष्प असते आणि पट्टी कोरडी राहिली असती. पाणी तेच, यंत्र तेच. फरक फक्त हवेचा. ज्या तापमानाला हवा थेंब सोडू लागते, त्याला दवबिंदू तापमान म्हणतात. वरच्या पावसाळी हवेत ते २६ अंशांच्या आसपास येते.

थेंब विजेच्या मंडळावर पडला, तर यंत्र जळते. भिंगापुढच्या काचेवरचा थेंब वाळला, तरी त्यातला मळ डागासारखा मागे राहतो. डाग किरण शोषतो, तापतो आणि काच तडकते.

लेसर आणि दमट हवा यांचे वैर तसे जुनेच. कार्बन डायऑक्साइड लेसर १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत शोधून काढला तो कुमार पटेल यांनी. ते १९३८ साली आपल्या बारामतीत जन्मले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले. या लेसरचे किरण साध्या काचेतून पार होत नाहीत. म्हणून पूर्वी अशा किरणांसाठी चक्क मिठाच्या स्फटिकाच्या खिडक्याही वापरीत. पावसाळ्यात मिठाचे काय होते, ते स्वयंपाकघरातल्या बरणीला विचारा!

मग उपाय काय? चिलरचे पाणी थोडे कोमट ठेवावे, हा एक. पण त्याला मर्यादा आहे. फार तापले, तर लेसरचे आयुष्य घटते. तेव्हा खरा उपाय म्हणजे आतली हवा कोरडी करणे. लेसरची पेटी घट्ट बंद ठेवतात आणि तिला स्वतंत्र वातानुकूलन यंत्र देतात. त्याच्या नळीतून बाहेर टपटपणारे पाणी पाहिले आहे ना? तेच पाणी एरवी लेसरवर पडले असते.

क्रमही महत्त्वाचा. सकाळी आधी हवा कोरडी करायची, मग चिलर चालू करायचा. संध्याकाळी लेसर बंद केल्यावर चिलरही बंद करायचा. तो रात्रभर चालू राहिला आणि वातानुकूलन बंद पडले, तर सकाळी पेटीत दव! वीज गेली, की काय झाले ते पाहायला पेटीचे दार उघडावेसे वाटते. पण आतले भाग अजून गार असतात. दार उघडणे म्हणजे पावसाळी हवेला आमंत्रण देणे.

हे दवबिंदू तापमान तुम्हालाही मोजता येईल. चकचकीत पेल्यात साधे पाणी घ्या, तापमापी बुडवा आणि बर्फाचे बारीक तुकडे एकेक टाकत ढवळत राहा. पेल्याची चकाकी ज्या क्षणी धुरकट होईल, तेव्हाचे तापमान वहीत लिहा. आज एकदा मोजा आणि डिसेंबरात पुन्हा. कोणत्या दिवशी २२ अंशाचा चिलर चालवायला तुम्ही परवानगी द्याल?