जाब फक्त पोटुशीलाच

दवाखान्यात नाव नोंदवायला आलेल्या गरोदर बाईचे वजन होते, रक्तदाब बघितला जातो, हिमोग्लोबिनसाठी रक्त घेतले जाते. मग कोणीतरी विचारते, "मिश्री लावता का?" कोरेगाव तालुक्यात काय किंवा साताऱ्यापासून सांगलीपर्यंतच्या कुठल्याही गावात काय, या प्रश्नाला तोंडावर येणारे उत्तर बहुतेकदा एकच असते, "न्हाई बाई." सोबतची सासू दुसरीकडे बघते. नर्सबाईंना हिरड्यांचा काळसर रंग दिसत असतो, पण बाहेर रांग मोठी असते. केसपेपरवर "नाही" लिहिले जाते आणि पुढच्या बाईचे नाव पुकारले जाते.

ती खोटे का बोलते, हे समजून घेतल्याशिवाय या विषयाला हात घालता येणार नाही. खरे बोलली तर काय ऐकावे लागेल, हे तिला पाठ असते. "पोटात लेकरू आहे आणि तंबाखू लावतेस? काही वाटत नाही का?" हे वाक्य दवाखान्यात ऐकू येते, घरी ऐकू येते आणि शेजारणीच्या तोंडूनही येते. ते ऐकून मिश्री सुटत नाही. ती चुलीमागे, गोठ्यात, पहाटे कोणी उठायच्या आत लावली जाते. म्हणजे बाळाला जो धोका आहे तो तसाच राहतो आणि मदत करू शकणाऱ्या माणसांना मात्र त्याचा पत्ता लागत नाही.

मिश्री काय असते ते आपल्याकडे सांगावे लागत नाही, पण शहरात वाढलेल्या पिढीसाठी थोडे सांगतो. तंबाखूची पाने लोखंडी तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, मग चुरून बारीक पूड करायची आणि ती बोटाने दातांवर, हिरड्यांवर चोळायची. कोणी मशेरी म्हणते, कोणी मिसरी. सकाळी तोंड धुताना सुरुवात होते, मग जेवण झाल्यावर एकदा, रानातून आल्यावर एकदा असे दिवसाचे चार-पाच वेळा होऊन बसते. दात घासण्याच्या नावाखाली लावली जात असल्यामुळे ती व्यसनात मोजलीच जात नाही. "मी तंबाखू खात नाही, फक्त मिश्री लावते," असे बायका अगदी मनापासून सांगतात.

गरोदरपणातल्या वाईट सवयींचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर येते ती सिगारेट ओढणारी शहरातली बाई. तिच्यावर तुटून पडायला सगळे तयार असतात, आणि त्यात बाळाच्या काळजीपेक्षा तिच्या चारित्र्याची चर्चा जास्त असते. महाराष्ट्रातला खरा प्रश्न धुराचा नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. धूम्रपान करणारे त्यात फक्त ३.८ टक्के होते, तर तोंडात ठेवायची किंवा चोळायची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. स्त्रियांमध्ये तंबाखूचे प्रमाण १७ टक्के होते, म्हणजे साधारण सहा बायकांमागे एक. ही बाई आपल्या आसपास आहे, नात्यातली आहे, आणि तिच्या हातात सिगारेट नाही.

नुकसान किती होते? याचे भक्कम उत्तर महाराष्ट्रातच शोधले गेले आहे. डॉ. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या सुब्रमोनी यांनी मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांची आधी नोंद करून प्रसूतीपर्यंत पाठपुरावा केला. त्यांचा अभ्यास २००४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला. त्या स्त्रियांमध्ये सर्वांत जास्त वापर मिश्रीचाच होता. वय, शिक्षण, घरची परिस्थिती असे बाकीचे फरक हिशेबात घेतल्यावरही तंबाखू वापरणाऱ्या आईचे बाळ सरासरी १०५ ग्रॅमने हलके भरले आणि सरासरी सहा दिवस आधी जन्मले. १०५ ग्रॅम ऐकायला थोडे वाटतात. पण आपल्याकडे कितीतरी बाळे अडीच किलोच्या रेषेवरच जन्मतात, आणि त्या रेषेखालचे बाळ कमी वजनाचे धरले जाते. अशा बाळाला १०५ ग्रॅम म्हणजे रेषेच्या वर की खाली, हा फरक ठरू शकतो. याच दोघांनी २००६ साली मृतजन्माचा हिशेब मांडला. तंबाखू न वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये मृतजन्माचे प्रमाण ३.१ टक्के होते, वापरणाऱ्यांमध्ये ८.९ टक्के.

हे आकडे मी मुद्दाम आधी मांडले. बायकांना दोष देऊ नका असे म्हटले की अनेकांना वाटते, हा माणूस मिश्रीला पाठीशी घालतो आहे. तसे अजिबात नाही. निकोटीन रक्तात उतरते, रक्तवाहिन्या आकसतात, वारेतून बाळापर्यंत पोहोचते. भाजल्याने तंबाखू निरुपद्रवी होत नाही. मिश्री सुटलीच पाहिजे. माझे म्हणणे एवढेच आहे की ती रागावून सुटत नाही.

का सुटत नाही, हे त्या बाईच्या दिवसाकडे बघितले की कळते. कोरेगावचा वाघ्या घेवडा नावाजलेला आहे, त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. इथले आलेही बाजारात मोठे. घेवडा तोडायला आणि आले काढायला वाकलेल्या पाठी बहुतेक बायकांच्या असतात. पहाटे उठून स्वयंपाक, पाणी, जनावरे, मग रान. स्वतःचे खाणे सगळ्यांत शेवटी. मिश्रीने भूक मरते, हे बायका स्वतःच सांगतात. गरोदरपणात मळमळ सुरू झाली की तोंडाला चव आणायला ती जास्तच लावली जाते. याच काळात हिरड्या सुजतात, रक्त येते, दात ठणकतात, आणि मिश्रीने थोडा वेळ बधिरपणा येतो. दंतवैद्याकडे जायचे म्हटले तर एक दिवसाची मजुरी बुडते. आणि सगळ्यांत जुने कारण म्हणजे पोट. "लावली नाही तर पोट साफ होत न्हाई," हे वाक्य डॉक्टर हसण्यावारी नेतात. ते खोटे नाही. निकोटीनने आतड्यांची हालचाल वाढते आणि ते अचानक बंद केले तर बद्धकोष्ठ होते, डोके चढते, चिडचिड होते. गरोदरपणात बद्धकोष्ठ तसेही असतेच. म्हणजे ती बाई आपल्या शरीराचे बरोबर निदान करत असते. फक्त हे सवय लागल्याचेच लक्षण आहे, असे तिला कोणी समजावून सांगितलेले नसते.

उसाच्या फडावर तर याहून कठीण. हंगामात मराठवाड्यातून आलेली जोडपी कोयता म्हणून काम करतात, उचल आधीच घेतलेली असते, आणि खाडा झाला तर पैसे कापले जातात. सहाव्या-सातव्या महिन्यातही मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीत चढणाऱ्या बाईला मिश्रीच्या चिमटीवरून जाब विचारायचा असेल, तर आधी त्या मोळीबद्दल कोणीतरी जाब द्यायला हवा.

आता घरातल्या न्यायनिवाड्याकडे बघू. दिवस गेल्याचे कळताच पपई बंद होते. ग्रहण लागले की पोटुशीला भाजी चिरू देत नाहीत, सुई हातात घेऊ देत नाहीत, तासन्‌तास एका जागी बसवून ठेवतात. या सगळ्यामागे बाळाची काळजीच असते, हे मी मान्य करतो. मग त्याच घरात चुलीजवळच्या कोनाड्यात मिश्रीची डबी कशी राहते? कारण ती सासूची असते, आजेसासूचीही असते. बऱ्याच मुलींना पहिली मिश्री माहेरी आईने किंवा आजीनेच दिलेली असते, दात दुखतो म्हणून. घरातल्या तव्यावर ती सगळ्यांसाठी भाजली जाते. बाळ कमी वजनाचे झाले की मात्र दोष एकट्या सुनेचा ठरतो. आणि नवरा? तो दारात बसून बिडी ओढत असतो, त्याच्या धुरातही निकोटीन असते, शिवाय कार्बन मोनॉक्साइड असतो आणि तो रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो. गरोदर बाईसोबत दवाखान्यात आलेल्या किती नवऱ्यांना आजवर विचारले गेले असेल, की तुम्ही घरात बिडी ओढता का? जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली गरोदरपणातल्या तंबाखूबाबत शिफारशी केल्या. त्यात गरोदर स्त्रीच्या तंबाखूबरोबरच घरातल्या दुसऱ्यांच्या धुराबद्दलही प्रत्येक भेटीत विचारावे, असे स्पष्ट म्हटले आहे. यातला पहिला अर्धा भाग आपण उचलला, दुसरा सोडून दिला.

सरकारनेही हा प्रश्न एका टोकाने पकडला होता. तंबाखू घातलेल्या दंतमंजनावर केंद्र सरकारने १९९२ साली औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली बंदी घातली. उत्पादक न्यायालयात गेले; 'लक्ष्मीकांत विरुद्ध भारत सरकार' या खटल्यात १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी योग्य ठरवली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या पुडीला ना वेष्टन असते ना त्यावर धोक्याचे चित्र. तिथे कायदा पोहोचत नाही. तिथे पोहोचू शकते ती आशाताई.

दोष देण्याचा मार्ग टोकाला नेला तर काय होते, ते अमेरिकेत दिसले. दक्षिण कॅरोलिना राज्यातल्या चार्ल्सटन शहरात १९८९ पासून एका सरकारी रुग्णालयात गरोदर स्त्रियांच्या लघवीची कोकेनसाठी तपासणी करून निकाल पोलिसांना कळवले जाऊ लागले. काही स्त्रियांना अटक झाली. २००१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की संमतीशिवाय अशी तपासणी करून पुरावा पोलिसांच्या हाती देणे घटनाबाह्य आहे. मला यात कायद्यापेक्षा एक व्यवहाराची गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्या दवाखान्यात गेल्यावर शिक्षा होते त्या दवाखान्यात बाई जात नाही. तुरुंग नसला आणि नुसता अपमान असला, तरी तेच होते.

याच्या उलट प्रयोग स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला झाला. धूम्रपान करणाऱ्या ६१२ गरोदर स्त्रियांपैकी निम्म्यांना नेहमीची मदत मिळाली, बाकीच्यांना त्या मदतीसोबत सिगारेट सोडल्यास टप्प्याटप्प्याने एकूण ४०० पौंडांपर्यंतची खरेदीची कुपने देण्यात आली. २०१५ साली निकाल प्रसिद्ध झाला. नेहमीच्या मदतीवर ८.६ टक्के स्त्रियांनी सिगारेट सोडली, कुपने मिळालेल्या गटात २२.५ टक्क्यांनी. आपल्याकडे मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला पाच हजार रुपये हप्त्यांनी मिळतातच. त्या हप्त्यासाठी बाई येते, तेव्हा तिच्याशी मिश्रीबद्दल नीट बसून बोलायला वेगळा पैसाही लागणार नाही.

आणि बोलून उपयोग होतो, याचा पुरावाही आपल्याच भागातल्या मिश्रीवर झालेल्या कामात आहे. कराडच्या कृष्णा वैद्यकीय महाविद्यालयाशी संबंधित डॉ. आशा प्रतिनिधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या ७०५ गरोदर स्त्रियांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध केला. त्यातल्या २१८ जणी, म्हणजे जवळजवळ तिघींत एक, मिश्री लावत होत्या. अभ्यासकांनी नुसती मोजदाद केली नाही. त्यांनी या बायकांना मिश्री सोडण्याबद्दल, निदान कमी करण्याबद्दल समजावून सांगितले. बहुसंख्य बायकांनी मिश्री सोडली किंवा कमी केली, आणि ज्यांनी पहिल्यासारखीच चालू ठेवली त्यांच्या बाळांपेक्षा यांच्या बाळांची स्थिती चांगली राहिली. अडाणी म्हणून ज्यांना झिडकारले जाते, त्याच या बायका. त्यांना कारण समजले, वेळ मिळाला, कोणी हिणवले नाही, आणि त्यांनी ऐकले.

म्हणून कोरेगावच्या आणि आजूबाजूच्या घरांना माझी सरळ विनंती आहे. सुनेला दिवस गेले की पपईच्या आधी मिश्रीची डबी घराबाहेर काढा, आणि फक्त तिची नाही, सासूचीही. नऊ महिने घरातल्या तव्यावर तंबाखू भाजू नका. नवऱ्याने बिडी उंबरठ्याबाहेर नव्हे, पूर्ण बंद करावी. सोडल्यावर पहिले काही दिवस डोके दुखेल, पोट बिघडेल. त्यासाठी पालेभाजी, भरपूर पाणी आणि डॉक्टरांनी दिलेले औषध चालते. दात ठणकत असेल तर दंतवैद्याकडे न्या, गरोदरपणात दातांवर उपचार करता येतात. आशाताईंनी प्रश्न एकटीला बाजूला घेऊन विचारावा, सासूसमोर नाही. "लावता का?" असे न विचारता "दिवसातून किती वेळा लागते?" असे विचारले तर "नाही" म्हणून सुटण्याची गरजच उरत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. त्या दिवशी हे बोलणे नक्की व्हावे. आणि ज्या ताईला घरात कोणाशीच हे बोलता येत नसेल, तिच्यासाठी तंबाखू सोडवण्याची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. क्रमांक १८००-११-२३५६, फोनला पैसे पडत नाहीत.