राजाबाई टॉवरखालचे ग्रंथभांडार

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. परंतु आरंभीची काही दशके ही संस्था मुख्यतः परीक्षा घेऊन पदव्या देणारी होती. अध्यापन चाले ते संलग्न महाविद्यालयांत. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८६२ मध्ये पदवीधर झाले, तेव्हा विद्यापीठाला ग्रंथालयाची स्वतःची वास्तूही नव्हती.

ती मिळाली कापसाच्या तेजीमुळे. अमेरिकेतील यादवी युद्धाने मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या भरात, १८६४ मध्ये, प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि मागोमाग मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्याला आपल्या आईचे, राजाबाईंचे, नाव द्यावे ही इच्छा. पुढच्याच वर्षी तेजी कोसळली आणि प्रेमचंदही बुडाले. देणगी मात्र टिकली. आराखडा लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. ते मुंबईत कधी आले नाहीत, आणि १८७८च्या नोव्हेंबरात काम पुरे झाले त्याआधी काही महिने वारले. मनोरा २८० फूट उंच. रंगीत काचांच्या खिडक्यांचे वाचनदालन त्याला लागूनच.

वास्तू झाली, पण वाचक कोठून यावेत? ज्या विद्यापीठाला स्वतःचे विद्यार्थीच नाहीत, त्याच्या ग्रंथालयात बसणार कोण? पॅट्रिक गेडिस यांच्याकडे १९१९ मध्ये समाजशास्त्र विभाग आला. अशा पदव्युत्तर विभागांमुळे विद्यापीठात प्रत्यक्ष अध्यापन व संशोधन रुजले आणि या प्रश्नाला उत्तर मिळू लागले.

ग्रंथालयाची खरी श्रीमंती हस्तलिखितांत आहे. परंतु बासनात बांधलेली पोथी सूचीत येईपर्यंत अभ्यासकाच्या लेखी नसल्यातच जमा. म्हणून येथील सूचिकारांचे ऋण मोठे. शेख अब्दुल कादिर सर्फराज यांची अरबी, फारसी व उर्दू हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची १९३५ मध्ये निघाली, गो. वि. देवस्थळी यांची संस्कृत-प्राकृत पोथ्यांची १९४४ मध्ये. पोथीचे नाव, कर्ता, पत्रसंख्या, लिपी, आरंभ आणि शेवट यांची नोंद करायची तर प्रत्येक पान उलटावे लागते. हे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. पण त्यावाचून पुढचे संशोधन उभे राहत नाही.

सर्वांत अर्थपूर्ण दान कायदेपंडित आसफ अ. अ. फैजी यांचे. इस्माइली पंथाचे ग्रंथ शतकानुशतके पंथाबाहेरच्यांपासून जपलेले. स्वतः सुलेमानी बोहरा असलेल्या फैजींनी आपला संग्रह विद्यापीठाच्या स्वाधीन केला. मुइझ गोरियावाला यांनी केलेली त्याची सूची १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली. घरात जपलेली विद्या अशा रीतीने कोणत्याही अभ्यासकाला खुली झाली.

पुढे कालिन्याच्या विद्यानगरी परिसरात जवाहरलाल नेहरू ग्रंथालय उभे राहिले आणि वाचकांची वर्दळ तिकडे वळली. फोर्टमधील वास्तूचे जतनकाम २०१५ मध्ये पूर्ण झाले, तेव्हा पुष्कळ बोलबाला झाला तो मनोऱ्याचा आणि काचांचा. दगडाची डागडुजी दिसते, म्हणून तिला दाते मिळतात. कागद मात्र कपाटात, मुकाट्याने ठिसूळ होत असतो. प्रेमचंदांना या शहराचे भूषण तर हवे होतेच, पण येणाऱ्या पिढ्यांचे ग्रंथभांडारही हवे होते. त्यातले पहिले मुंबईने सांभाळले आहे; दुसरे सांभाळायचे तर मुळात ते कोणी मागायला हवे.